गाडी ३ इंच उंच केली आणि खालून तीन आवाज सुरू झाले

आडवाट
महिन्याभरापूर्वी गाडी ३ इंच उंच करून घेतली. त्याआधी खालून कसलाही त्रासदायक आवाज नव्हता. अकरा वर्षं ही गाडी मीच चालवतोय, तिचे आवाज मला पाठ आहेत.

गाडी अशी: पार्ट-टाइम फोर बाय फोर (एरवी मागच्या दोन चाकांवर, लागेल तेव्हा चारही), पुढेमागे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकसंध आस), चारही बाजूंना पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या), पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे फ्री-व्हील हब (चाक अ‍ॅक्सलशी जोडणारे-सोडवणारे). चार सिलिंडर डिझेल, पाच गिअर, क्राऊन-पिनियन (शाफ्टची फिरकी चाकांकडे वळवणारी अ‍ॅक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) ४.१, म्हणजे शाफ्टच्या ४.१ फेऱ्यांना चाकाची एक. लिफ्टबरोबर टायरही एक माप मोठे घेतले.

आता आवाज. पहिला म्हणजे काटा ६० ते ७० च्या दरम्यान असताना घूंऽऽ अशी गुणगुण. कानापेक्षा सीटमधून जास्त जाणवते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढते, सोडला की जवळजवळ जाते. दुसरा, थांबलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलताना एक ठक्क. आणि पूर्ण थांबल्यावर, सेकंदभराने, परत एक ठक्क. तिसरा, उतारावर गिअरमध्ये गाडी सोडली की शिट्टीसारखा बारीक सूर.

ज्यांनी लिफ्ट बसवली त्यांनी एक चक्कर मारून सांगितलं की क्राऊन-पिनियन गेलंय, सेट बदला. त्याआधी चाकांचं बॅलन्सिंग दोनदा झालं, मागच्या चाकांची बेअरिंगं बदलून झाली. फरक शून्य. खर्चाला मी तयार आहे, पण लिफ्टच्या दुसऱ्याच दिवशी क्राऊन-पिनियन कसं जाईल हे मनाला पटत नाही.

चिखलवाट
मोठे टायर म्हणालात, मड टायर आहेत का? त्यांचे मोठे ठोकळे डांबरावर हुबेहूब बेअरिंगसारखे घुमतात. खरखरीत रस्त्यावरून गुळगुळीत रस्त्यावर गेल्यावर आवाजाचा पोत बदलला तर टायर.

दुसरी चाचणी म्हणजे मोकळ्या रस्त्यावर ७० ला न्यूट्रल करा. आवाज राहिला तर चाकं आणि बेअरिंग, गेला तर इंजिन-गिअरबॉक्स.

जुना फिटर
चिखलवाट, टायरचं बरोबर आहे. न्यूट्रलच्या चाचणीचा मात्र अर्धाच भाग खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी लोकांचे चांगले गिअरबॉक्स उघडले गेलेले मी पाहिलेत. न्यूट्रलमध्ये आवाज राहिला तर इंजिन सुटलं, एवढं नक्की. पण आवाज गेला म्हणून मागची बाजू निर्दोष ठरत नाही. क्राऊन-पिनियनचे दात आणि प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून अ‍ॅक्सलपर्यंत जोर नेणारा दांडा) क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकांचे वाकते सांधे, हे जोर पडल्यावरच बोलतात. न्यूट्रलमध्ये जोरच नसतो, मग बोलतील कसे?

आडवाट, आधी फुकटात होणारी कामं करा. हब फ्री करा, टू-व्हीलमध्ये तोच रस्ता, तोच वेग. मग हब लॉक करा, गिअरदांडा टू-व्हीललाच ठेवा आणि पुन्हा जा. हब फ्री असताना पुढचा शाफ्ट, पुढचं डिफरन्शियल (क्राऊन-पिनियनचा अ‍ॅक्सलवरचा डबा), आतले अ‍ॅक्सल सगळे स्थिर उभे असतात. लॉक केले की चाकंच त्यांना फिरवतात. दोन्ही वेळी आवाज सारखाच राहिला तर हे तिन्ही यादीतून बाद. एकही नट न उघडता एवढं सगळं बाजूला ठेवणारी अशी दुसरी चाचणी नाही.

नंतर गाडीखाली शिरा. इंजिन बंद, चाकांखाली दोन्हीकडून ठोकळे, मगच गिअर न्यूट्रल. शाफ्ट हाताने डावीउजवीकडे फिरवा, वरखाली हलवा. क्रॉसच्या टोप्यांभोवती गंजासारखी लालसर पूड दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडल्यात. आणि पाटे व अ‍ॅक्सल यांच्यामध्ये काय काय बसवलंय त्याचा नीट फोटो टाका.

आडवाट
फिटरकाका, केलं. हब फ्री आणि लॉक, दोन्हीत काहीही फरक नाही. गुळगुळीत रस्ता, खरखरीत रस्ता, गुणगुण तीच.

क्रॉसना ढिलेपणा नाही, लाल पूड नाही. मागे पाटे आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये एक तिरकी लोखंडी पाचर आहे, एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ. ही आधी नव्हती. विचारल्यावर म्हणाले, ‘उंची वाढली की शाफ्ट तिरका होतो, म्हणून पिनियनचं तोंड (शाफ्ट जोडायची बाजू) वर केलंय.’

जुना फिटर
मागचा शाफ्ट कसा आहे? दोन्ही टोकांना एकेकच क्रॉस, की ट्रान्स्फर केसच्या (गिअरबॉक्समागचा, जोर पुढेमागे वाटणारा डबा) बाजूला दोन क्रॉस एकमेकांना चिकटून?

आडवाट
दोन्हीकडे एकेकच.

जुना फिटर
मग मला वाटतं तुमची गुणगुण तिथेच आहे. पण माझ्या वाटण्यावर पाचर काढू नका. कोन मोजा, मग बोलू.

मोजपट्टी
फिटरकाका का थबकले ते सांगते. मी यंत्र अभियांत्रिकी शिकवते आणि दरवर्षी हा धडा शिकवताना मुलांच्या हातात दोन क्रॉस जोडलेला एक शाफ्ट देते. हाताने फिरवून पाहिल्याशिवाय हे पटत नाही.

क्रॉस जॉइंट सरळ रेषेत असेल तर या टोकाचा वेग त्या टोकाला जसाच्या तसा पोचतो. कोनात असेल तर नाही. एक टोक एकसारखं फिरत असताना दुसरं टोक एका फेरीत दोनदा पुढे पळतं आणि दोनदा मागे रेंगाळतं. १० अंशाला हा चढउतार सुमारे दीड टक्का असतो, २० अंशाला तोच सहा टक्क्यांवर जातो. कोन दुप्पट, त्रास चौपट.

म्हणून शाफ्टला दोन क्रॉस असतात. पहिल्याने घातलेला चढउतार दुसऱ्याने काढून घ्यायचा. पण त्यासाठी दोन्ही कोन सारखे हवेत आणि दोन्ही योक (शाफ्टच्या टोकांचे, क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत हवेत. म्हणजे बाजूने पाहिलं तर ट्रान्स्फर केसचा दांडा आणि पिनियनचा दांडा समांतर, मधला शाफ्ट दोघांना तिरका जोडणारा.

पिनियनचं तोंड थेट ट्रान्स्फर केसकडे रोखायचं, हा नियमही खरा आहे, पण तो वेगळ्या शाफ्टसाठी. ज्यात ट्रान्स्फर केसकडे दोन क्रॉस पाठीला पाठ लावून असतात, म्हणजे डबल कार्डन, त्यातली ती जोडी आपला चढउतार आपसातच मिटवते. त्यामुळे पिनियनकडच्या एकट्या क्रॉसला जवळजवळ कोनच नको. एकेक क्रॉसवाल्या शाफ्टला हा नियम लावला की एक कोन मोठा राहतो, दुसरा लहान होतो आणि काहीच मिटत नाही.

मोबाइलमधला कोनमापक चालेल. गाडी सपाट जागी, चारही चाकांवर, नेहमीच्या वजनासह उभी असू दे. जॅकवर अ‍ॅक्सल लोंबकळत असेल तर आकडे खोटे येतात. तीन आकडे हवेत: ट्रान्स्फर केसच्या फ्लँजचा (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात ती चकती) उतार, शाफ्टचा उतार, पिनियनच्या फ्लँजचा उतार. फ्लँज उभी असते, तेव्हा तिच्या तोंडावर मोजाल तर तो उभ्या रेषेपासूनचा कोन धरा.

गतिरोधक
मधेच विचारतो, माफ करा. माझ्या गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, २ इंच लिफ्ट. पूर्ण वळण घेतलं की कट्कट् आवाज. हीच भानगड का?

चिखलवाट
नाही, तुमचं वेगळं. पूर्ण वळणावर कट्कट् म्हणजे चाकाकडचा बाहेरचा सीव्ही जॉइंट (वळणाऱ्या चाकाला जोर पोचवणारा सांधा). सरळ जाताना जोर लावल्यावर थरथर येत असती तर आतला धरला असता. लिफ्टमुळे दोन्हींचा कोन वाढतो आणि रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासून फाटतात. बूट फाटला की ग्रीस बाहेर, चिखल आत. आजच खाली वाकून चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे उडालेत का पहा. बूट शाबूत असताना सापडलं तर जॉइंट वाचू शकतो. कट्कट् सुरू झाल्यावर बहुतेक बदलावाच लागतो.

आडवाट
मोजपट्टीताई, आकडे घ्या. प्रत्येक तीनदा मोजला. ट्रान्स्फर केसचा दांडा मागे जाताना ४ अंश खाली. शाफ्ट १३ अंश खाली. पिनियनचं तोंड १० अंश वर.

मोजपट्टी
छान मोजलंत. पुढच्या क्रॉसचा कोन १३ वजा ४, म्हणजे ९. मागच्याचा १३ वजा १०, म्हणजे ३. यातून उरणारा चढउतार काढताना साधी वजाबाकी चालत नाही, वर्गांची वजाबाकी करायची: ८१ वजा ९ बरोबर ७२, त्याचं वर्गमूळ साधारण साडेआठ. म्हणजे तुमच्या डिफरन्शियलला सध्या साडेआठ अंशात वाकलेल्या एकट्या क्रॉसचे धक्के बसताहेत. दुसरा क्रॉस असून नसल्यासारखा आहे.

वर्गांमुळे आणखी एक गोष्ट होते आणि ती लिफ्टवाल्यांना फारशी कोणी सांगत नाही. ३ आणि ४ अंशांच्या जोडीत एका अंशाची चूक असेल तर उरतात २.६ अंश. ९ आणि ८ च्या जोडीत चूक तेवढीच, पण उरतात ४.१. गाडी जितकी उंच, तितकी जुळणी काटेकोर हवी. साध्या उंचीला चालून जाणारी चूक लिफ्टनंतर बोलायला लागते, ती यामुळे.

आता हे गणित तुमच्या आवाजाशी जुळतं का ते बघू. मोठ्या टायरमुळे काटा कमी दाखवत असणार, तेव्हा वेग जीपीएसवर घ्या. चाकावर आणि जमिनीवर खडूने खूण करा, गाडी बरोबर एक फेरी ढकला, अंतर मोजून सांगा.

आडवाट
एका फेरीला २.४० मीटर. काटा ६५ दाखवतो तेव्हा जीपीएस ६९-७० दाखवतो.

मोजपट्टी
७० किमी वेग म्हणजे सेकंदाला १९.४४ मीटर. भागिले २.४०, चाक सेकंदाला ८.१ फेऱ्या. गुणिले ४.१, शाफ्ट ३३.२ फेऱ्या.

चाकाचा किंवा टायरचा दोष असेल तर धक्का ८ हर्ट्झला, तो आवाज नसतो, थरथर असते. शाफ्टचं बॅलन्स गेलं असेल तर ३३. क्रॉसच्या कोनाचा दोष फेरीला दोनदा, म्हणून ६६. आणि क्राऊन-पिनियनचे दात बोलत असतील तर सूर खूप वर. तुमच्या ४.१ ला क्राऊनचे दात ४१ आणि पिनियनचे १० असतील तर ३३२ हर्ट्झ. मोबाइलवर आवाजाचा वर्णपट दाखवणारं अ‍ॅप टाका, फोन सीटखाली जमिनीवर ठेवा, शेजारी कोणाला तरी बसवून वाचायला लावा. गाडी चालवताना स्क्रीनकडे बघू नका.

एक सापळा सांगून ठेवते. चौथा गिअर बहुतेक गाड्यांत थेट असतो, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेरीला दोन स्फोट होतात. म्हणजे चौथ्यात इंजिनाचा सूरही नेमका ६६ हर्ट्झ! म्हणून तोच वेग ठेवून चौथ्यात आणि पाचव्यात, दोन्हींत मोजा. इंजिनाचा असेल तर पाचव्यात खाली सरकेल. शाफ्टचा जागचा हलणार नाही.

जुना फिटर
चौथ्या गिअरचं हे मला चाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. फक्त पाचव्यात टाकून बघायची सवय होती, का ते आज कळलं.

आडवाट
भाऊ शेजारी बसला, मी चालवली. चौथ्यात ६६ वर उंच टोक. पाचव्यात ६६ चं टोक जागेवर, आणि त्याच्या खाली ५५ च्या आसपास एक नवं बुटकं टोक. ३३ वर किरकोळ. ३३२ वर जोर लावताना काहीच नाही.

मात्र उतारावर, तोच वेग, पाय सोडलेला, तेव्हा ३३० च्या जवळ एक बारीक टोक उठलं. म्हणजे तिसरा आवाज?

मोजपट्टी
हो. ५५ चं इंजिन, ६६ चा शाफ्ट, ३३० चे दात. तुमच्या गाडीत दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी बोलत होत्या आणि ऐकणाऱ्याने दोन्हींना एकच नाव दिलं.

पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही लिहिलं होतं की गुणगुण अ‍ॅक्सिलरेटरवर वाढते. त्यावरूनच क्राऊन-पिनियनचं निदान झालं असावं, कारण दातांचा आवाजही पायाबरोबर बदलतो. पण पाट्यांच्या गाडीत जोर लावला की अ‍ॅक्सल पाट्यांना पिळून पिनियनचं तोंड आणखी वर उचलतो. तुमचा आधीच कमी असलेला ३ चा कोन त्यावेळी आणखी कमी होतो आणि जुळणी जास्तच बिघडते. पाय सोडला की तोंड खाली येतं, जुळणी सुधारते, गुणगुण जाते.

जुना फिटर
आता कामाचं. पाचर काढली की पिनियन परत ४ अंशावर येईल, दोन्ही कोन ९-९. गुणगुण जायला हवी. ९ अंश तसे बरेच आहेत, दोन टोकांचं भांडण मिटलं तरी मधला शाफ्ट स्वतः कमीजास्त वेगाने फिरतच राहतो, त्यामुळे फार जोरात पळवाल तेव्हा थोडं जाणवेल. ते खटकलं तर मग डबल कार्डन शाफ्ट करा आणि हीच पाचर वापरा, फेकू नका. त्या शाफ्टला तोंड जवळजवळ १३ अंश वर लागेल, जोर लावल्यावर ते उचललं जातं म्हणून एखाददुसरा अंश कमी ठेवायचा.

काही जण ट्रान्स्फर केसच खाली उतरवतात. मला तो उपाय आवडत नाही. पोटाखालची उंची वाढवायला लिफ्ट केली आणि पोटच खाली आणलं. शिवाय इंजिनाचे माउंट तिरके होतात, गिअरच्या दांड्या अडतात.

पाचर काढताना यू-बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे) सुटतीलच. पाट्यांच्या मधल्या बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या भोकात नीट बसल्याची खात्री करून आवळा, दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. लिफ्टनंतर तुमचे परत आवळले होते का?

आडवाट
नाही. कोणी सांगितलंही नव्हतं.

जुना फिटर
मग ठक्कचा एक संशयित तो. दुसरा शाफ्टची स्लिप, म्हणजे लांबी कमीजास्त व्हायला एकात एक सरकणारा भाग. थांबल्यानंतर सेकंदभराने ठक्क येतो हे तुम्ही नेमकं लिहिलंत, ते फार उपयोगी आहे. ब्रेक लावल्यावर पिळलेले पाटे परत सरळ होतात, शाफ्टची लांबी थोडी बदलते. स्लिपच्या स्प्लाइन (एकमेकांत बसणारे लांबट काटे आणि खाचा) कोरड्या असतील तर त्या अडून बसतात आणि मग एकदम सुटतात. लिफ्टनंतर स्लिप बाहेर ओढली गेलीये, काटे नव्या जागी घासताहेत.

शाफ्ट उतरवून स्प्लाइन पुसा, ग्रीस भरा. जोडताना आधी केलेल्या खुणा जुळवा, एक काटा जरी सरकला तरी दोन योक एका रेषेत राहणार नाहीत आणि नवीन गुणगुण पदरात पडेल. अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबकळवून, चासी भक्कम घोड्यांवर ठेवून, शाफ्ट हाताने एक फेरी फिरवा. क्रॉस कुठे अडता कामा नये, आणि स्लिप पुरेशी आत असायला हवी. नुसत्या टोकावर लटकत असेल तर शाफ्ट लांब करून घ्यावा लागेल.

आणि हे सगळ्यांनीच वाचा: काही गाड्यांचा हँडब्रेक ट्रान्स्फर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. शाफ्ट काढला की हँडब्रेकही गेला आणि गिअरही गाडी धरून ठेवत नाही. गाडी अंगावर येते. ठोकळे लावल्याशिवाय एकही बोल्ट सोडू नका.

चिखलवाट
तिसऱ्या सुराबद्दल माझा एक प्रश्न. मागची बेअरिंगं बदलली तेव्हा अ‍ॅक्सलचे दांडे बाहेर ओढले असतील ना? बऱ्याच गाड्यांत दांडा ओढला की डिफरन्शियलचं तेल त्या बाजूने गळतं. नंतर भरलं का?

आडवाट
तेलाचं बिलावर काहीच नाही. आज बघतो.

आडवाट
बघितलं. बाजूच्या भोकात बोट घातलं तर दोन पेरं आत जाईपर्यंत तेल लागलं नाही. पाचरीमुळे हौजिंग कलल्याने पातळी थोडी फसवी दिसत असेल, तरी एवढी नाही.

जुना फिटर
पिनियनचं तोंड वर आणि तेल कमी, म्हणजे पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला तेल पोचायची मारामार. चिखलवाट, चांगलं पकडलंत. सगळं तेल काढा, पांढऱ्या भांड्यात ऊन पडेल असं बघा. चुंबकावर राखाडी लोण्यासारखा लेप असेल तर ती रोजची झीज. टोचणारे तुकडे असतील तर हौजिंग उघडायचं. काहीही झालं तरी पिनियनचा मधला नट ‘जरा आवळून बघू’ म्हणून हात लावू नका. आत चेपली जाणारी नळी असेल तर एकदा जास्त आवळलेलं परत सैल करून भागत नाही.

आडवाट
पाच दिवसांनी लिहितोय.

पाचरी काढल्या. कोन पुन्हा मोजले: ४, १३, आणि पिनियन ४ पेक्षा किंचित जास्त. यू-बोल्टचे दोन नट हाताच्या साध्या पान्याने फिरले, इतके सैल होते. स्लिपच्या स्प्लाइन कोरड्या ठणठणीत, आत वाळलेला चिखल. धुऊन ग्रीस भरलं, खुणा जुळवून बसवलं. पूर्ण लोंबकळतानाही स्लिप चार बोटं आत आहे. तेल काळं होतं, चुंबकावर लेप होता, तुकडा एकही नाही. नवं तेल भोकाच्या कडेपर्यंत भरलं.

काल त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, भावाला शेजारी बसवून गेलो. ६६ वरचं टोक शोधावं लागतं. सीट शांत आहे. ९५ च्या पुढे हलकीशी घरघर आहे, काकांनी आधीच सांगितलं होतं तशी, आणि मी तेवढा वेगात जातच नाही. दोन्ही ठक्क गेले. तिसरा सूर निम्म्याहून कमी झालाय पण आहे. पाय सोडल्यावरच, ५० ते ६० मध्ये.

क्राऊन-पिनियनला हात लावलेला नाही. काका, तो उरलेला सूर तसाच ठेवू?

जुना फिटर
ठेवा. कमी तेलात काही दिवस चालल्याने पिनियनच्या बेअरिंगला थोडं लागलं असेल, किंवा दातांच्या मागच्या बाजूचा जुनाच सूर असेल. आज वर्णपटाचा फोटो काढून ठेवा, वेग आणि गिअर लिहून. हजार किलोमीटरनंतर तोच रस्ता, तोच वेग, दुसरा फोटो. टोक वाढलं नाही तर काही करायचं नाही. वाढलं, किंवा पिनियनच्या सीलमधून तेल ओलावायला लागलं, तर बेअरिंगसाठी उघडू.

यू-बोल्ट दोनशे किलोमीटरला परत आवळायचेत, लक्षात आहे ना?

आडवाट
आहे. रविवारी तेच करतोय, फोटो त्याच दिवशी टाकतो.